काटा उतरतो, रिपोर्ट चढतो

कर्जत तालुक्यातल्या नेरळच्या माणसाला नोकरीसाठी मुंबई गाठायची तर लोकलमध्ये जायला सुमारे दोन तास आणि यायला तेवढेच. मधले आठ-नऊ तास खुर्चीत. याच माणसाचा आजा दिवसभर खाचरात वाकून लावणी करायचा. नातवाचं काम पार बदललं, ताट मात्र आजोबांचंच राहिलं: भाताचा ढीग, त्यावर आमटी, तोंडी लावायला भाजी. त्यात स्टेशनबाहेरचा वडापाव आणि दिवसाकाठी चार साखरेचे चहा यांची भर पडली. वजन तसं बेताचं, फक्त पट्ट्याचं भोक एकाने सरकलेलं. मग कधीतरी ऑफिसची तपासणी होते आणि कागदावर रक्तातल्या मेदाचे ट्रायग्लिसराइड २४०, एचडीएल ३४ असे आकडे ठळक अक्षरांत येतात. एकूण कोलेस्टेरॉल मात्र ठीक असतं. त्या रात्रीपासून घरात तूप बंद होतं. भाताचा ढीग मात्र कोणी कमी करत नाही!

हा कागद नेरळपुरता नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या मधुमेह-सर्वेक्षणाच्या पहिल्या टप्प्यात तमिळनाडू, झारखंड आणि चंदीगड यांच्यासोबत महाराष्ट्र होता. रक्तातल्या मेदाचे त्यातले निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. सुमारे दोन हजार प्रौढांपैकी ७९ टक्क्यांच्या अहवालात काही ना काही बिघाड निघाला. एकूण कोलेस्टेरॉल वाढलेले अवघे १३.९ टक्के होते. ट्रायग्लिसराइड वाढलेले २९.५ टक्के, आणि ‘चांगलं’ म्हणून ओळखलं जाणारं एचडीएल कमी असलेले तब्बल ७२.३ टक्के. आपल्याकडे बोलणं सगळं कोलेस्टेरॉलचं होतं आणि बिघाड बहुतेकदा दुसऱ्याच ओळीत असतो.

यामागचं एक कारण पुण्यात सापडलं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुण्याच्या आसपासच्या खेड्यांतल्या मातांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पुण्याच्या बाळांत स्नायू कमी होते, पण चरबी त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. अंगाने बारीक आणि आतून मेदस्वी अशी ही ठेवण मोठेपणीही टिकते. २००४ साली याज्ञिकांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच: २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. संशोधकाने स्वतःच पुरावा म्हणून उभं राहावं, याला खिलाडूपणा लागतो. भारतीयांसाठी या इंडेक्सवरची लठ्ठपणाची रेषा ३०वरून २५वर, आणि जादा वजनाची २५वरून २३वर आणली गेली ती याच धर्तीच्या पुराव्यांमुळे.

चरबी कुठे साठते यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. मांड्यांवरची चरबी बरीचशी निरुपद्रवी. पोटातली, आतड्यांभोवतीची चरबी मात्र सतत मेदाम्लं सोडत राहते आणि त्यांचा लोंढा यकृतावर येतो. यकृत त्यांची ट्रायग्लिसराइड बनवून, कणांत भरून रक्तात पाठवतं. तिथे देवाणघेवाण सुरू होते. हे कण आपल्याकडचं ट्रायग्लिसराइड एचडीएलला आणि ‘वाईट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एलडीएलला देतात, त्यांच्याकडचं कोलेस्टेरॉल घेतात. ट्रायग्लिसराइडने भरलेलं एचडीएल शरीर लवकर मोडीत काढतं, म्हणून त्याचा आकडा घसरतो. एलडीएलचे कण आकसून बारीक आणि घट्ट होतात. प्रत्येक कणात कोलेस्टेरॉल कमी भरत असल्याने कागदावर एलडीएल ११० असं सभ्य दिसतं, प्रत्यक्षात कणांची संख्या जास्त असते. अशा वेळी एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करावं. ही वजाबाकी घरी होते, पैसे पडत नाहीत आणि एकट्या एलडीएलपेक्षा ती जास्त खरं सांगते.

तुपाला मिळालेली शिक्षा अगदीच अन्यायाची नाही, कारण त्यातल्या संपृक्त मेदाने एलडीएल वाढतं. पण ट्रायग्लिसराइडचा मोठा गुन्हेगार गरजेपेक्षा जास्त खाल्लेलं पिष्ट आणि साखर. न वापरलेल्या साखरेची चरबी यकृतच करतं. इथल्या ताटात ते पिष्ट भाताचं. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने ‘कर्जत-३’, ‘कर्जत-७’ अशी वाणं दिली, त्यांनी तालुक्याची पोटं भरली. दोष त्या तांदळाचा नाही, तो खाऊन खुर्चीत बसण्याचा आहे. दुसरा गुन्हेगार दारू. नेरळ-कर्जतच्या फार्महाउसवर शनिवारची रात्र काढून सोमवारी रक्त देणाऱ्याने आकडा पाहून लॅबवर चिडू नये.

आता वजन उतरण्याकडे. सगळ्यात आधी ट्रायग्लिसराइड ऐकतं. शरीराच्या वजनाचा पाच ते दहा टक्के भाग उतरला, म्हणजे ८० किलोच्या माणसाचे चार ते आठ किलो गेले, तर ते साधारण २० टक्क्यांनी खाली येतं. एलडीएल मात्र हट्टी. डॅटिलो आणि क्रिस-एथर्टन यांनी १९९२ साली ७० अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला, तेव्हा किलोमागे एलडीएलची घट एका मिलिग्रॅमलाही पोचत नव्हती. त्याहून गमतीचा निष्कर्ष एचडीएलचा. वजन उतरत असताना ते किंचित घसरतं आणि वजन स्थिरावल्यावर वाढतं. चार महिने घाम गाळून चांगलं कोलेस्टेरॉल कमी झालेलं पाहणाऱ्याला हे कोणी सांगितलेलं नसतं.

फिनी या संशोधकांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेलं उदाहरण तर मुद्दाम वाचण्यासारखं. सहा स्थूल स्त्रियांनी पाच ते सात महिन्यांत सरासरी ३० किलो वजन उतरवलं. सुरुवातीला एकूण कोलेस्टेरॉल साधारण २१२ होतं, ते दोन महिन्यांत १४०वर आलं. त्यानंतर वजन उतरतच होतं आणि कोलेस्टेरॉल चढत चढत २३०वर गेलं, सुरुवातीच्याही वर! वजन स्थिर झाल्यावर ते १९०च्या आसपास येऊन थांबलं. चरबीच्या पेशींत ट्रायग्लिसराइडसोबत कोलेस्टेरॉलही साठलेलं असतं. चरबी जळते, कोलेस्टेरॉल जळत नाही. ते बाहेर पडून रक्तात येतं आणि पित्तावाटे निघून जातं. झपाट्याने बारीक होणाऱ्यांना पित्ताशयात खडे होतात, त्याचं एक कारण हेच.

महाराष्ट्रात वजनाचा विषय निघाला की डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं नाव येतंच. नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारांवर उभी असलेली त्यांची पद्धत सोपी: दिवसात दोनदा जेवण, प्रत्येक ५५ मिनिटांच्या आत, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं. तिच्यावरचे वाद बाजूला ठेवले तरी एक गुण मान्य करावा लागतो. मधले चहा, बिस्किटं, फरसाण सुटतात, आणि ट्रायग्लिसराइड तिथेच पोसलं जात असतं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणांची संख्या कमी करू नये.

व्यायामाने वजन फारसं हललं नाही तरी ट्रायग्लिसराइड उतरतं, कारण चालणारे स्नायू ते इंधन म्हणून वापरतात. नेरळकरांना यासाठी जिमची पावती फाडायची गरज नाही. माथेरानचा डोंगर दाराशी आहे, आणि दस्तुरी नाक्यापुढे पर्यटकाची मोटार जातच नाही.

फराळाचे डबे रिकामे झाले की अनेकजण वजन उतरवण्याचा संकल्प करतील. त्यांनी आधी टेपने कंबर मोजावी. पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर काटा काहीही म्हणो, रक्त तपासावं. आणि वजन उतरल्यावर लगेच लॅबकडे धावू नये. ते महिना-दोन महिने एका जागी टिकू द्यावं, मग रक्त द्यावं. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर ती मधल्या कुठल्याही आकड्यावरून स्वतःच्या मनाने बंद करू नये.