सोळा वर्षांच्या राजकन्येचा शेरा

फॅनी केंबल या इंग्लिश अभिनेत्रीची अमेरिका दौऱ्याची रोजनिशी १८३५ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाली. लंडनच्या केन्सिंग्टन राजवाड्यातल्या सोळा वर्षांच्या व्हिक्टोरियाने ती वाचली. राणी व्हायला तिला अजून दोन वर्षं होती. पुस्तक तिला रुचलं नाही. लेखिका आगाऊ दिसते, चांगल्या वळणाची वाटत नाही, भाषाही जागोजागी असभ्य. एवढी गुणी बाई असलं काहीबाही छापून स्वतःचंच नुकसान करून घेते आहे, असं तिने आपल्या डायरीत नोंदवलं.

ही डायरी १८३२ मध्ये तिला आईने दिली होती, आणि तिच्यात लिहिलेलं मोठ्यांच्या नजरेखालून जात असे. व्हिक्टोरिया झोपायची आईच्या खोलीत, जिना उतरायची कुणाचा तरी हात धरून. रंगभूमीचा मात्र तिला मुळीच तिटकारा नव्हता. ऑपेराचं तर वेड होतं, गायिकांची चित्रं ती हौसेने काढायची. बाईने रंगमंचावर गावं, रडावं, मरावं, हे तिला मान्य होतं. त्याच बाईने रंगमंचाबाहेर, स्वतःच्या नावाने, मनात येईल ते लिहावं हे खटकलं. जिच्या वहीवर सतत पहारा होता, तिला दुसरीचा मोकळेपणा उद्धटपणा वाटला, यात मला नवल वाटत नाही. वाईट मात्र वाटतं.

फॅनीने १८२९ मध्ये ज्युलिएटच्या भूमिकेत पदार्पण करून, वडील चालवत असलेलं कर्जबाजारी कॉव्हेंट गार्डन थिएटर सावरलं होतं. १८३४ मध्ये पिअर्स बटलर या अमेरिकनाशी तिचं लग्न झालं. रोजनिशी छापायला त्याचा विरोध होता, तरी तिने ती छापलीच.

पुढे १८६८ मध्ये खुद्द व्हिक्टोरियाने स्कॉटलंडच्या हायलँड्समधल्या दिवसांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या आणि त्या हातोहात खपल्या. राणीच्या घरगुती गप्पांचं वाचकांना अप्रूप वाटलं. नटीला ती सवलत नव्हती.

फॅनीचा तो ‘आगाऊपणा’ पुढे अमेरिकेतल्या जॉर्जियात कामी आला. बटलर कुटुंबाच्या तिथल्या भात-कापसाच्या मळ्यांवर शेकडो गुलाम राबत होते. १८३८-३९च्या हिवाळ्यात ती तिथे राहिली. बाळंतपणानंतर तीनच आठवड्यांत शेतावर जुंपल्या जाणाऱ्या बायका आणखी थोडी विश्रांती मिळावी म्हणून तिच्याकडे गयावया करत. तिने त्यांची नावं, मेलेली मुलं, चाबकाचे फटके, सगळं नोंदवून ठेवलं. नवऱ्याशी बिनसत गेलं, १८४९ मध्ये घटस्फोट झाला, दोन्ही मुली त्याच्या ताब्यात गेल्या. जॉर्जियाची वही बरीच वर्षं छापली गेली नाही. मग अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि इंग्लंडमधले अनेक प्रतिष्ठित लोक गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेची बाजू घेऊ लागले, तेव्हा १८६३ मध्ये तिने ती लंडनमध्ये प्रसिद्ध केली.