राजोडीच्या अंगणातील तण आणि स्वयंपाकघरातील मीठ

मृगाच्या दोन सरी पडल्या की राजोडीच्या वाळूमिश्रित जमिनीवर आठ दिवसांत हिरवळ धरते. बागेत ती शोभते; परंतु फाटकापासून ओट्यापर्यंत बसविलेल्या पेव्हर ब्लॉकच्या सांध्यांतून हरळी, लव्हाळा आणि घोळ डोके वर काढू लागली की गृहस्थ अस्वस्थ होतो. विरार-नालासोपाऱ्यास दुकान आणि राजोडीस घर अशी ज्यांची विभागणी आहे, त्यांना हा प्रसंग दरवर्षीचा आहे. अगाशीस मुनिसुव्रत स्वामींच्या दर्शनास आलेले पाहुणे घरी यावयाचे असतात, माळ्यास सवड नसते, आणि मग कोणीतरी सुचवितो : मीठ टाका, व्हिनेगर शिंपडा, नाहीतर उकळते पाणी ओता. घरातल्याच वस्तू, विषारी औषध नाही, खर्चही नाही.

आमच्या घरी चार वर्षांपूर्वी हेच झाले. दहा किलो जाडे मीठ वाटेच्या दोन्ही कडांनी पसरले. पाचव्या दिवशी गवत पिवळे पडले आणि आम्हास मोठे समाधान वाटले. शेजारच्या वाडीतील वृद्ध बागायतदार कुंपणापलीकडून पाहत होते. ते एवढेच म्हणाले, "शेठ, पाऊस हे मीठ नेणार कुठे? खाली तुमची विहीर, पलीकडे माझी."

व्यापारी माणसास हिशेब लवकर कळतो, म्हणून तो येथे मांडतो. पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांची भारतीय मानकातील इष्ट मर्यादा दर लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. म्हणजे १ किलो मीठ २,००० लिटर शुद्ध पाण्यास त्या मर्यादेपर्यंत नेऊन सोडते, आणि दहा किलो मीठ २०,००० लिटर पाण्यास. टँकरच्या भाषेत सांगावयाचे तर दहा हजार लिटरचे दोन टँकर. आमच्या विहिरीच्या पाण्यात आधीच काही क्षार आहेत, ते वेगळेच.

वसईच्या किनारपट्टीत ही गोष्ट क्षुल्लक नाही. समुद्रालगतच्या वाळूत पावसाचे गोड पाणी हलके असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते; उपसा वाढला की खारे पाणी वर चढते. येथील केळीच्या, फुलांच्या आणि पानवेलींच्या वाड्या विहिरींच्या आणि बावखलांच्या पाण्यावर वाढल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने जो लढा दिला, त्यातही टँकरने होणाऱ्या उपशाचा प्रश्न होताच. अशा भूमीत आपण होऊन मीठ ओतणे म्हणजे काय, हे त्या बागायतदारास सांगावे लागत नव्हते. ते आम्हास सांगावे लागले.

त्या वर्षी दिवाळीपर्यंत भिंतीलगतच्या तगरीच्या पानांच्या कडा करपल्या आणि ते झाड गेले. आईच्या पूजेची फुले त्याच तगरीची असत. हरळी मात्र तोवर परत आली होती, कारण क्षार सोसण्याची तिची शक्ती बागेतील बहुतेक झाडांहून अधिक आहे. ज्यास मारावयाचे ते जगले आणि जे वाढविले ते मेले.

व्हिनेगर आमच्या स्वयंपाकघरात आंबवलेला पदार्थ म्हणून येतच नाही, पण पुष्कळ घरी असते. त्यात सुमारे ५ टक्के ॲसेटिक आम्ल असते. कोवळ्या रोपाची पाने त्याने उन्हात करपतात. परंतु लव्हाळ्याच्या जमिनीखालील गाठी शाबूत राहतात आणि पंधरवड्यात नवे पाते वर येते. शिवाय कोटा आणि शहाबादी फरशी हा चुनखडीचाच दगड. आम्ल पडले की त्याची झिलई जाते व पांढरे डाग उरतात. आणि एक धोका स्पष्टच लिहितो : संडास साफ करावयाचे आम्ल किंवा व्हिनेगर आणि कपड्यांचे ब्लीच हे कोणीही, कोणत्याही कारणास्तव एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि तो फुप्फुसांस घातक असतो.

उकळत्या पाण्याचा उपाय वरकरणी सर्वांत निर्दोष. मागे काही उरत नाही, दगड बिघडत नाही, लहान रोपे खरोखरच मरतात. पण पावसाळ्यात त्या सांध्यांत आणखी कोण राहते, हे वाकून पाहिले पाहिजे. मुंग्यांची वारुळे तेथेच, गांडुळेही तेथेच. एकेंद्रिय गवतासाठी ओतलेली ती किटली द्वींद्रिय गांडुळावर आणि त्रींद्रिय मुंगीवर पडते. आपण स्वतः ओतली नाही, माळ्याकडून ओतविली, याने काही सुटका नाही. करणे, करविणे आणि अनुमोदन देणे या तिहींचा हिशेब आपल्याकडे एकाच वहीत होतो. गृहस्थास आरंभी हिंसा पूर्ण टळत नाही हे खरे, आणि खुरप्याने गवत उपटण्यातही ती आहेच. तथापि कमी आणि अधिक यांतील भेद आपल्या हाती आहे.

यावर जुन्या मंडळींची रीत मला अधिक शास्त्रीय वाटते. पावसाळ्यापूर्वीच उपाश्रयाच्या अंगणाची वाट घासून तिच्यावर चुना किंवा रंगाचा पट्टा मारतात, म्हणजे शेवाळ धरत नाही. एकदा धरले की त्यास पाय लावावयाचा नाही. उगवल्यानंतर मारण्यापेक्षा उगवू न देणे, ही जयणा अंगणासही लागू पडते. आम्ही आता वैशाखात, जमीन कोरडी असताना, सांध्यांतील माती खरवडून काढतो आणि तेथे वाळू-सिमेंटचे मिश्रण भरतो. बागेतील वाफ्यांवर नारळाच्या झावळ्या व केळीची सुकी पाने यांचा वीतभर थर देतो. उजेड न मिळाल्याने बहुतेक बी रुजतच नाही. जे थोडे उरते ते पावसानंतरच्या ओलाव्यात हाताने सहज निघते. तेवढ्यासाठी माळ्याचा अर्धा दिवस पुरतो.

गाजरगवताविषयी मात्र दिरंगाई नको. पुण्याच्या परिसरात १९५०च्या दशकात नजरेस आलेले हे परदेशी झाड आज देशभर आहे. त्याच्या परागाने त्वचेस खाज आणि दम्याचा त्रास होतो, आणि एकेक झाड हजारो बिया टाकते. हातमोजे घालून, फुलण्यापूर्वी, मुळासकट काढावे. त्याच्या जागी टाकळा वाढू दिला तर तो गाजरगवतास मागे हटवितो. इकडे पहिल्या पावसात टाकळ्याची भाजी आवडीने करतात. चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य असणाऱ्या घरांनी ती शेजाऱ्यांस नेऊ द्यावी.

यंदा विहिरीच्या काठची हातभर पट्टी आम्ही फरशीविना तशीच सोडली आहे. तेथे हरळी माजली आहे आणि तिला कोणी हात लावीत नाही. भाद्रपदात, आमचे पर्युषण चालू असताना, त्या बागायतदारांची नात परडी घेऊन आली. "आजी, दूर्वा नेऊ का? गणपतीला एकवीसच्या जुड्या हव्यात," असे तिने आईला विचारले. आईने फाटक उघडून दिले.