सामाईक पाणी आणि मासेमारीचा परवाना

कन्नड तालुक्यातून वाहणारी शिवना नदी गोदावरीस मिळते. देवगाव रंगारीच्या शिवारात पडलेले पावसाचे पाणी अशा रीतीने पैठणच्या नाथसागरात जाते आणि तेथून जालना, बीड, परभणी, नांदेड हे जिल्हे ओलांडून तेलंगणात प्रवेश करते. पाण्याबरोबर मासेही फिरतात. यावरून पुष्कळांची अशी समजूत होते की, नदी एकच असल्यामुळे मासेमारीचा परवानाही एकच असावा. ही समजूत चुकीची आहे आणि ती महागात पडू शकते. मच्छिमाराचे जाळे किंवा होडी जप्त झाली, तर त्याच्या कुटुंबाची सबंध हंगामाची मिळकत बुडते. म्हणून या विषयाची नीट माहिती गावोगाव पोहोचणे अगत्याचे आहे.

अधिकार कोणाचा?

भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत कोणता विषय केंद्राचा व कोणता राज्याचा, याची वाटणी दिलेली आहे. मत्स्यव्यवसाय हा विषय राज्यसूचीत २१ व्या क्रमांकावर आहे. त्यामुळे नद्या, तलाव व जलाशय यांतील मासेमारीचे नियम प्रत्येक राज्य आपापल्या हद्दीपुरते करते. महाराष्ट्रात यासाठी महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम, १९६० हा कायदा आहे. एका राज्याने दिलेली परवानगी शेजारच्या राज्यात आपोआप लागू होत नाही.

आंतरराज्य नद्यांच्या पाण्याची वाटणी ही गोष्ट मात्र वेगळी आहे. गोदावरीच्या पाण्यासंबंधी महाराष्ट्र व त्या वेळचा आंध्र प्रदेश यांच्यात ६ ऑक्टोबर १९७५ रोजी करार झाला व पुढे १९८० मध्ये लवादाचा निवाडा आला. नांदेड जिल्ह्यातील बाभळी बंधारा श्रीरामसागर धरणाच्या पाणफुगवट्याच्या क्षेत्रात, परंतु महाराष्ट्राच्या हद्दीत आहे. त्याविषयीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निर्णय दिला. त्यानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात बंधाऱ्याचे दरवाजे उघडे ठेवावे लागतात. कोणी किती पाणी अडवावे, हे अशा करारांनी व निर्णयांनी ठरते. त्या पाण्यात जाळे टाकण्याचा परवाना त्यांतून कोणासही मिळत नाही. एकाच जलाशयाचे पाणी दोन राज्यांत पसरलेले असले, तरी मच्छिमाराने आपली होडी कोणाच्या हद्दीत आहे, हेच पाहिले पाहिजे.

पेंचचे उदाहरण

नागपूर जिल्ह्यातील तोतलाडोह जलाशय पेंच नदीवर असून त्याचे पाणी महाराष्ट्र व मध्य प्रदेश या दोन्ही राज्यांत पसरले आहे. दोन्ही बाजूंस वन्य प्राण्यांसाठी राखलेली जंगले आहेत. मध्य प्रदेशाच्या बाजूस पूर्वी वस्ती असलेल्या आदिवासींच्या मासेमारीच्या पारंपरिक हक्कांच्या बदल्यात त्या राज्याच्या वन्यजीव अधिकाऱ्यांनी १९९६ मध्ये ३०५ परवाने दिले. त्याविरुद्ध प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. जंगल राखले पाहिजे, त्याचप्रमाणे तेथील माणसांच्या पोटाचाही विचार झाला पाहिजे, अशी भूमिका घेऊन न्यायालयाने १९९७ मध्ये ते परवाने अटींवर चालू ठेवले. परवानाधारकाजवळ छायाचित्र असलेले ओळखपत्र असावे, काठावर विस्तव पेटवू नये, कचरा टाकू नये, पकडलेल्या माशांची नोंद रोज ठेवावी, अशा स्वरूपाच्या त्या अटी होत्या.

यातून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, परवाना व्यक्तीच्या नावाने असतो. तो भावास किंवा शेजाऱ्यास उसना देता येत नाही. दुसरी, मध्य प्रदेशच्या अधिकाऱ्याचा अधिकार मध्य प्रदेशच्या हद्दीपुरताच आहे. तो परवाना घेऊन त्याच जलाशयाच्या महाराष्ट्राकडील भागात कोणी उतरला, तर तो विनापरवानाच ठरेल.

हंगामाचीही हीच गोष्ट आहे. कटला, रोहू, मृगळ या जातींचे मासे पावसाळ्यात, नदीला पूर येतो त्या सुमारास अंडी घालतात. या वेळी धरलेली एक मादी म्हणजे पुढील हंगामातील हजारो पिले गमावणे होय. म्हणून मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट हा मासेमारीचा बंद काळ ठरलेला आहे. शेजारच्या राज्यात तारखा त्याच असतील, असे गृहीत धरू नये. एका काठाने बंदी पाळावयाची आणि दुसऱ्याने जाळी ओढावयाची, असे झाले तर नुकसान दोन्ही काठांचे होते.

शेजारच्या राज्यांनी ठरविले तर यावर तोड निघू शकते. अमेरिकेतील मिनेसोटा व विस्कॉन्सिन या राज्यांच्या सीमेवरून मिसिसिपी नदी वाहते. तेथील सीमेवरील पाण्यात दोहोंपैकी कोणत्याही राज्यातील रहिवाशास आपल्या राज्याच्या परवान्यावर गळ टाकता येतो. परंतु अशी सोय परस्पर मान्यतेने व लेखी नियमांनीच होते, रूढीने होत नाही.

शिकारीचा परवाना आता नाही

पूर्वी शिकारीसाठी परवाने मिळत असत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ व त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांमुळे ती पद्धत बंद झाली. सापळा लावणे, फासे मांडणे, विष घालणे, पक्ष्यांची अंडी काढणे या गोष्टीही कायद्याने शिकारच होत. हा केंद्राचा कायदा असल्याने राज्याची हद्द ओलांडून सुटका होत नाही. पाणथळीवरील रानबदके मारणे हा गुन्हा आहे. मगर, पाणमांजर व नदीतील मऊ पाठीचे कासव यांनाही संरक्षण आहे. जाळ्यात कासव आले तर ते जिवंत पाण्यात सोडावे. पैठणचा नाथसागर हे १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, हेही विसरू नये.

रानडुकरे किंवा नीलगाई उभ्या पिकाची नासधूस करीत असतील, तर वनविभागाकडे अर्ज करावा. कलम ११ अन्वये अधिकारी कारणे नमूद करून लेखी आदेश देऊ शकतो. असा आदेश त्या प्रसंगापुरता असतो. त्यास शिकारीचा परवाना समजू नये. पिकाच्या नुकसानीबद्दल भरपाईही मागता येते.

गावपातळीवर काय करावे

पाण्यात उतरण्यापूर्वी परवान्यावरील चार गोष्टी वाचून पाहाव्यात: तो कोणत्या अधिकाऱ्याने दिला आहे, कोणाच्या नावाने आहे, कोणत्या पाण्यासाठी आहे आणि त्याची मुदत केव्हा संपते. तलाव किंवा जलाशय सहकारी मच्छिमार संस्थेस ठेक्याने दिलेला असेल, तर त्या संस्थेस विचारल्यावाचून तेथे जाळे टाकू नये. सुरुंगाची दारू उडवून अथवा पाण्यात विष कालवून मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमापासून गुन्हा आहे. त्यास कोणताही परवाना चालत नाही. विषारी पाणी गुरांच्या व माणसांच्याही जिवावर बेतते.

गावातील कार्यकर्त्यांनी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयातून चालू वर्षाचे नियम मागवून ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. ज्यांना अक्षरओळख नाही, त्यांना ग्रामसभेत वाचून दाखवावेत. गावातील कोणी मासेमारीसाठी परराज्यात जाणार असेल, तर निघण्यापूर्वीच तेथील कार्यालयात विचारणा करण्यास त्याला मदत करावी. एवढ्या चौकशीने त्याचे जाळे व होडी सुरक्षित राहील.