किल्ली लहान म्हणून दार उघडेना!

२०१५ सालच्या जून महिन्यातील गोष्ट. आदल्या दिवसापर्यंत बिनतक्रार चालणारे अनेक संगणक आपल्याच माहितीच्या कोठाराशी बोलेनासे झाले. कोठार जागच्या जागी होते, त्यातील माहिती शाबूत होती, परवलीचा शब्दही बरोबर होता. तरीही जोडणी होईना. पडद्यावर तक्रार उमटे: ‘डीएच की टू स्मॉल’, म्हणजे ‘डीएच किल्ली फार लहान आहे’. या संगणकांवर बदल झाला होता तो एकच. सुरक्षितता वाढवणारी एक दुरुस्ती त्यांच्यावर बसवण्यात आली होती!

सुरक्षिततेच्या दुरुस्तीने कामच बंद पाडावे, हे कसे? त्यासाठी आधी ही ‘डीएच किल्ली’ म्हणजे काय ते पाहू.

आगगाडीची आरक्षणे, बँकेची खाती, परीक्षेचे गुण अशी माहिती संगणकात नीट रचून ठेवलेली असते. या रचलेल्या कोठाराला डेटाबेस म्हणतात. असे कोठार सांभाळणारा मायएसक्यूएल हा एक फार लोकप्रिय प्रोग्रॅम आहे. (यातील ‘माय’ म्हणजे ‘माझे’ नव्हे बरे का! त्याच्या एका निर्मात्याच्या मुलीच्या नावावरून ते घेतले आहे.) पुष्कळदा माहिती मागणारा संगणक एकीकडे आणि कोठार दुसरीकडे असते. मधल्या वाटेवर कोणी कान लावून बसले तर? म्हणून दोघे गुप्त संकेतात बोलतात. पण त्या संकेताची किल्ली दोघांकडे एकच हवी, आणि ती ठरवायची तर त्याच उघड्या वाटेवरून!

या पेचावर १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी एक सुरेख तोड प्रसिद्ध केली. ‘डीएच’ ही त्यांच्याच नावांची आद्याक्षरे. कागद-पेन्सिल घ्या आणि ही युक्ती स्वतः करून पहा.

१७ ही मूळ संख्या आणि ३ ही दुसरी संख्या, या दोन्ही सर्वांना माहीत आहेत असे समजा. रमाने मनात ४ धरला. ३ चा चौथा घात ८१. त्याला १७ ने भागले की बाकी उरते १३. ही बाकी ती मोठ्याने सांगते. सलीमने मनात ६ धरला. ३ चा सहावा घात ७२९. १७ ने भागून बाकी १५. तोही ती मोठ्याने सांगतो. आता रमा सलीमच्या १५ चा चौथा घात करते, ५०,६२५; १७ ने भागून बाकी १६. सलीम रमाच्या १३ चा सहावा घात करतो, ४८,२६,८०९. १७ ने भागून बाकी पुन्हा १६! दोघांना एकच किल्ली मिळाली, पण १६ हा आकडा कोणी उच्चारलासुद्धा नाही.

चोरून ऐकणाऱ्याच्या हाती १७, ३, १३ आणि १५ एवढेच लागले. किल्ली काढायची तर ३ चा कितवा घात केल्यावर बाकी १३ उरते, हे त्याला शोधावे लागेल. मूळ संख्या १७ असेल तर हे दोन मिनिटांचे काम. एकेक घातांक लावून पाहिला की झाले. पण तीच शेकडो अंकी असेल तर? घात करून बाकी काढणे संगणकाला सोपेच राहते, उलट दिशेने घातांक शोधणे मात्र भयंकर अवघड होते. या पद्धतीची सारी भिस्त त्या मूळ संख्येच्या आकारावर आहे.

आता १९९० च्या दशकात चला. बळकट गुप्तसंकेत परदेशी पाठवण्यावर अमेरिकेत त्या वेळी शस्त्रास्त्रांप्रमाणे निर्बंध होते. निर्यातीसाठी मुद्दाम दुबळे संकेत बनवले जात. त्यांत मूळ संख्या ५१२ बिटांची, म्हणजे आपल्या दशमान पद्धतीत सुमारे १५५ अंकी, एवढीच चाले. २००० साली हे निर्बंध पुष्कळ सैल झाले. दुबळे संकेत मात्र अनेक प्रोग्रॅमांत तसेच पडून राहिले.

मे २०१५ मध्ये फ्रान्स आणि अमेरिकेतील संशोधकांच्या एका गटाने ‘लॉगजॅम’ नावाचा हल्ला जाहीर केला. त्यांच्या कामातील खरी मेख अशी की, घातांक शोधण्याच्या खटपटीचा मोठा भाग फक्त मूळ संख्येवर अवलंबून असतो. तो एकदाच करून ठेवता येतो. ५१२ बिटांच्या एका संख्येसाठी त्यांना अनेक संगणक जुंपून सुमारे एक आठवडा लागला. त्यानंतर त्या संख्येवर आधारलेली कोणतीही किल्ली एक-दीड मिनिटात हाती येऊ लागली.

मायएसक्यूएलमध्ये काय होते? ५१२ बिटांची एक ठरावीक मूळ संख्या प्रोग्रॅममध्येच लिहून ठेवलेली होती! म्हणजे तो प्रोग्रॅम चालवणाऱ्या सगळ्या कोठारांची संख्या एकच. कोणी एकदा आठवडाभर घाम गाळला की पुढची सारी कोठारे त्याला जवळजवळ फुकट.

संगणकांमधील गुप्त बोलणे सांभाळणारा ओपन-एसएसएल हा प्रोग्रॅमसंच तर जगभर वापरला जातो. ११ जून २०१५ रोजी त्याची दुरुस्ती निघाली. तिने नवा नियम घातला: समोरून ७६८ बिटांपेक्षा लहान मूळ संख्या आली, तर बोलणे तिथेच तोडायचे. ही दुरुस्ती माहिती मागणाऱ्या संगणकावर बसली. कोठार जुनेच राहिले. ते आपली ५१२ बिटांची संख्या पुढे करी आणि दुरुस्त झालेला संगणक पाठ फिरवी. दोष दुरुस्तीचा नव्हता. कित्येक वर्षे मुकाट चाललेला दुबळेपणा तिने बोलून दाखवला, एवढेच.

काम अडलेल्या माणसाला मात्र कारणमीमांसा नको असते, जोडणी हवी असते. सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट उपाय म्हणजे गुप्त संकेतच बंद करून उघड बोलणे. दुरुस्ती काढून टाकणे हाही त्याचाच भाऊ. त्यातल्या त्यात बरी पळवाट म्हणजे डीएच पद्धत न वापरणारा संकेत निवडणे. त्यात माहिती मागणारा संगणक किल्ली ठरवतो आणि कोठाराच्या कायमच्या कुलपात घालून पाठवतो. जोडणी लगेच होते. पण पुढे कधी त्या कायमच्या कुलपाची गुप्त किल्ली चोरीला गेली, तर आधी टिपून ठेवलेले सगळे जुने संभाषणही उघडे पडते. डीएच पद्धतीत दर वेळी नवे गुपित धरून नंतर ते टाकून देता येते, म्हणून हा धोका टळतो.

खरा उपाय कोठाराच्या बाजूला होता. मायएसक्यूएलच्या कर्त्यांनी ५.७.६ या आवृत्तीत, आणि जुन्या शाखांपैकी ५.५.४५ व ५.६.२६ या आवृत्त्यांत, संख्या ५१२ वरून २०४८ बिटांवर नेली. म्हणजे १५५ अंकांच्या जागी ६१७ अंक. जानेवारी २०१६ मध्ये ओपन-एसएसएलने आपली मर्यादा ७६८ वरून १०२४ बिटांवर चढवली, तेव्हा या नव्या आवृत्त्या बसवलेल्या कोठारांची जोडणी त्या कारणाने तुटली नाही.