चकती गतिरोधक, मोटारगाडीतील मोठे
चाकाबरोबर फिरणाऱ्या बिडाच्या चकतीवर कॅलिपरमधील दट्ट्यांनी घर्षणपट्ट्या दाबून गती कमी करणारी योजना. मूळच्या जागी दुसऱ्या मॉडेलचे मोठे भाग काही वेळा बसवितात. भिवंडीहून जाणाऱ्या मुंबई-आग्रा मार्गावरील थळ घाटात इगतपुरीकडून कसाऱ्याकडे उतरताना गाडी सु. ३०० मी. खाली येते. तिचे वस्तुमान १,००० किग्रॅ. असल्यास सु. २९ लाख जूल ऊर्जा मुक्त होते. खालच्या गिअरमध्ये एंजिनाने ती पुरेशी शोषली नाही, तर तिचा मोठा भाग गतिरोधकांत उष्णतारूपाने उतरतो. पट्ट्यांचे घर्षण घटते. द्रव उकळल्यास पेडल दाबूनही उपयोग होत नाही. मोठ्या चकतीत अधिक धातू असल्याने ती कमी तापते, हाच तिचा खरा लाभ. थांबण्याचे अंतर मात्र अखेर टायर व रस्ता यांतील घर्षणावर ठरते. दट्ट्या मोठा केल्यास पेडलला जोर कमी लागतो. पण प्रमुख सिलिंडर तोच असल्यास पेडलची चाल वाढते. पुढचे बल प्रमाणाबाहेर वाढल्यास पुढची चाके आधी अडतात व गाडी वळत नाही. मागचे वाढल्यास ती आडवी फिरते, हे अधिक घातक. द्रव हवेतील बाष्प शोषतो व त्याचा उकळबिंदू उतरतो. त्यामुळे पुष्कळदा चकतीऐवजी द्रव बदलणेच पुरते.