मोटार गुरगुरते, पण फिरत नाही

रब्बीचे दिवस होते. आमचा गहू चिकात आला होता. पाण्याची एक पाळी राहिली होती. ती मिळाली तर दाणा भरणार, नाही तर पोचट राहणार. संध्याकाळी आम्ही विहिरीवर गेलो. स्टार्टरचे हिरवे बटण दाबले. मोटार नुसतीच गुरगुरली. फिरली नाही.

आम्ही मागे वळून पाहिले. वस्तीवर दिवा जळत होता. मनात म्हटले, "घरात वीज आहे, मग मोटारीला का नाही? बटणच नीट दाबले नसेल." पुन्हा दाबले. पुन्हा गुरगुर. असे सात-आठ वेळा केले. मग जळका वास आला. मोटारीतून धूर निघाला.

शेजारचे आबा बांधावरून ओरडले, "गुरुजी, बंद करा! एक फेज गेलाय!"

पण व्हायचे ते होऊन गेले होते. मोटार भरून यायला पाच दिवस लागले. पदरचे पैसे गेले. गहू तहानेला राहिला तो राहिलाच. आम्ही आयुष्यभर मुलांना शिकवले. पण ही गोष्ट आम्हांला आबांकडून शिकावी लागली. तीच आज सांगतो.

घरात दिवा लागतो, मग मोटार का फिरत नाही?

गावाजवळ खांबावर डी. पी. असते. डी. पी. म्हणजे वीज उतरवून देणारा ट्रान्सफॉर्मर. त्यात 11 हजार व्होल्टची वीज येते. ती कमी होऊन आपल्याकडे निघते. तेथून तीन फेजच्या तीन तारा आणि चौथी न्यूट्रलची तार निघते. घरातल्या दिव्याला एक फेज आणि न्यूट्रल एवढे पुरते. त्या दोहोंत सुमारे 230 व्होल्ट असतात. पण विहिरीवरच्या तीन किंवा पाच अश्वशक्तीच्या मोटारीला बहुधा तिन्ही फेज लागतात. कोणत्याही दोन फेजांमध्ये सुमारे 400 व्होल्ट असतात.

आता समजा, डी. पी.मधला एक फ्यूज उडाला. एक फेज गेला. ज्यांची घरे उरलेल्या दोन फेजांवर आहेत, त्यांचे दिवे लागतच राहतात. म्हणून दिवा पाहून फसू नये. घरचा दिवा एका फेजची खबर देतो. तिघांची देत नाही.

तीन फेज जोर लावतात तो एकदम लावत नाहीत. एकामागून एक, पाळीपाळीने लावतात. त्या पाळीमुळे मोटारीला गोल फिरण्याची दिशा मिळते. एक फेज गेला की पाळी मोडते. मोटारीला नुसतेच हिसके बसतात. कोणीकडे फिरावे हेच तिला कळत नाही. म्हणून ती गुरगुरते. त्या वेळी ती नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वीज ओढते. आतली तांब्याची तार तापते आणि काही मिनिटांतच जळू शकते.

मोटार चालू असताना फेज गेला तर धोका आणखी लपून राहतो. मोटार थांबतेच असे नाही. दोन फेजांवर ती कण्हत चालते आणि आतून तापत जाते. आपण म्हणतो, "पाणी येतंय की!" साधा स्टार्टर दोनच फेजांवर धरून राहतो. तिसरा गेला तर त्याला ते उमगत नाही. त्यातला रिले मोटारीच्या मानाने नीट लावलेला असेल, तरच तो मोटार तोडतो.

मग करावे काय?

पहिली गोष्ट. मोटार गुरगुरली की ताबडतोब लाल बटण दाबा. मेन स्विच पाडा. "एकदा अजून बघू" असे म्हणू नका.

दुसरी गोष्ट. पेटीवरचे तीन दिवे पहा. लाल, पिवळा आणि निळा. एखादा विझलेला किंवा मंद असेल तर मोटार लावू नका. व्होल्टमीटर असेल तर त्याची खुंटी फिरवून तिन्ही जोड्या पहा. काटा 350 च्या खाली असेल तरीही थांबा. कमी दाबानेही मोटार तापते.

तिसरी गोष्ट. शेजाऱ्याला हाक मारा. "तुमची मोटार चालू आहे का?" सगळ्यांच्याच बंद असतील तर बिघाड डी. पी.कडे किंवा लाईनवर आहे. एकट्या तुमचीच बंद असेल तर तुमचा फ्यूज, स्विच किंवा तार पहावी लागेल. ते काम जाणत्या वायरमनचे आहे. नुसत्या टेस्टरवर विसंबू नका. मोटारीतून फिरून आलेली वीज मेलेल्या फेजवरही टेस्टर पेटवते.

चौथी गोष्ट. स्टार्टरसोबत 'सिंगल फेज प्रिव्हेंटर' बसवून घ्या. तो तिन्ही फेजांवर नजर ठेवतो. एक गेला की मोटार आपोआप बंद करतो. मोटार भरण्याच्या मानाने तो स्वस्तात पडतो.

डी. पी. दुरुस्त झाल्यावर मोटार फिरते पण पाणी कमी येते, असेही कधी होते. तेव्हा मोटार उलटी फिरत असेल. वायरमन कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करील. मोटार सुलटी फिरेल.

आता जे करू नये ते ऐका.

फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात जाड तार घालू नका. फ्यूज हा राखणदार आहे. त्याने वेळेवर तुटावे यासाठीच तो असतो. तो तुटला नाही तर मोटार जळते. कधी डी. पी. जळते आणि सारे शिवार कोरडे राहते.

आणि डी. पी.ला स्वतः हात लावू नका. "रोज वायरमन कुठे मिळतो?" असे आपण म्हणतो. खरे आहे. तो लवकर येत नाही. पीक वाळताना पाहून जीव तुटतो. पण खाली स्विच पाडला तरी वरच्या तारांत 11 हजार व्होल्ट असतात. कितीतरी शेतकरी फ्यूज टाकायला म्हणून गेले, ते घरी परत आले नाहीत. 1912 या क्रमांकावर फोन करा. तक्रारीचा नंबर लिहून घ्या. आता आपल्याला लिहिता येते. चार शेजारी मिळून पाठपुरावा करा.

त्या वर्षी आमचा गहू गेला. पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा पेरला. पीक पुन्हा पेरता येते. माणूस पुन्हा आणता येत नाही.