पेटींतील पेटी न सांपडल्यास

संगणकास आज्ञा लिहून देण्याची विद्या आतां शाळकरी मुलामुलींच्याहि आटोक्यांत आली आहे. तींत नवशिक्यास वारंवार अडविणारी गोष्ट ही, कीं माहिती असेल म्हणून जेथें हात घालावा, तेथें ती नसतेच. आमच्या वर्गास याचा जो अनुभव आला, तो वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

एका यंत्राकडून दुसऱ्याकडे माहिती धाडण्यास आज जेसन नांवाची लेखनपद्धति फार प्रचारांत आहे. डग्लस क्रॉकफर्ड यांनीं ती इ. स. २००१ च्या सुमारास पुढें आणिली. तींत प्रत्येक नांवापुढें त्याचें मूल्य असतें. आणि तें मूल्य म्हणजे अशाच नांवांची दुसरी पेटीहि असूं शकते. विद्यार्थ्याची नोंद ही मोठी पेटी. तींत 'परीक्षा' ही दुसरी. तींत 'गणित' ही तिसरी. आणि तिच्या तळाशीं 'गुण' हा आंकडा. पायथन भाषेंत तो असा मागतात:

नोंद["परीक्षा"]["गणित"]["गुण"]

मधली एखादी पेटी नसेल, तर संगणक तर्क करीत नाहीं. तो चूक दाखवून तेथेंच थांबतो, व मागील शेंकडों नोंदी तशाच राहतात.

सरासरी काढण्याची आमची आज्ञावली अशीच थांबली. तेव्हां आम्हीं घाईनें लिहिलें, 'जेथें कांहीं मिळणार नाहीं, तेथें शून्य घे.' यंत्र बिनतक्रार चालूं लागलें व आम्हांस मोठी धन्यता वाटली. दुसऱ्या दिवशीं एक विद्यार्थिनी यादी घेऊन आली. तीन विषयांत तिला ७२, ६६ व ६० गुण होते. म्हणजे सरासरी ६६. तापामुळें ती गणिताच्या परीक्षेस बसली नव्हती. यादींत मात्र तिची सरासरी ४९.५ छापली होती. ती म्हणाली, "मीं पेपर दिलाच नाहीं, मग शून्य कोणीं दिलें?" या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

मग ध्यानांत आलें, कीं 'नाहीं' हें तीन प्रकारचें असतें. नवीन आलेल्या मुलाच्या नोंदींत 'परीक्षा' हें नांवच नसतें. आजारी मुलीच्या नोंदींत नांव असतें, पण त्यापुढें 'नल', म्हणजे मूल्य नाहीं, असें लिहिलेलें असतें. आणि जो परीक्षेस बसून नापास झाला, त्याचें शून्य हें खरेंखुरें मूल्य असतें. हे तिन्ही एकाच मापानें मोजणें हा अन्याय होय.

साधनें आहेत, त्यांच्या खोडी मात्र जाणून घ्याव्या. पायथनमधील 'गेट' ही क्रिया नांव न सांपडल्यास आपण सुचविलेलें पर्यायी मूल्य देते. परंतु नांव असून त्यापुढें नल असेल, तर ती पर्याय न देतां तो नलच हातीं ठेविते, व पुढची पायरी तेथें अडखळते. जावास्क्रिप्ट भाषेंत इ. स. २०२० पासून प्रश्नचिन्ह व टिंब यांची '?.' ही जोडखूण आहे. पेटी नसल्यास ती चूक न करितां मुकाट्यानें मागें फिरते. तिच्याच जोडीची '??' ही खूण नांव नसतां किंवा नल असतांच पर्याय देते. पूर्वीपासूनची '||' ही खूण मात्र खऱ्या शून्यासहि 'कांहीं नाहीं' समजून पुसून टाकते.

या 'नल'च्या कल्पनेचे एक जनक टोनी होअर यांनीं ती इ. स. १९६५ मध्यें अल्गोल डब्ल्यू भाषेंत आणिली, व इ. स. २००९ मध्यें ती आपली अब्ज डॉलरांची चूक होती, असें स्वतः कबूल केलें. एवढ्या थोर पंडितास चकविणाऱ्या गोष्टीनें आम्हांस चकविलें, यांत नवल नाहीं.

आतां आम्ही नोंद आंत घेतांनाच दाराशीं तपासतों. कोणतें नांव असलेंच पाहिजे व कोणतें नसल्यास चालेल, हें आधीं ठरवितों. उणें दिसल्यास कोणाच्या नोंदींत कोणती पेटी नव्हती, तें निराळ्या यादींत लिहितों, आणि त्या जागीं 'गैरहजर' किंवा 'माहिती नाहीं' असें स्पष्ट छापतों. आज्ञावली न अडखळतां चालणें चांगलें खरें. पण जें ठाऊक नाहीं तें ठाऊक असल्याचें सोंग तिनें आणूं नये, हें त्याहून अगत्याचें आहे.